पुढची होडी

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीही खळाळत्या पाण्यात कयाक चालवतात. कयाक म्हणजे एका माणसाची निमुळती होडी. ती पँटसारखी कमरेपर्यंत चढवून बसायचं आणि पाणी नेईल तिकडे, आपणच ठरवल्यासारखा चेहरा करून जायचं. दर मोसमात ते हे पंधरा-वीस मुलांना शिकवतात. मला एकदाच शिकवलं. तेव्हापासून मी गाडी चालवतो.

यंदा मुलांसाठी नवी नदी हवी होती. दोन पुलांच्या मधला सात किलोमीटरचा एका लहानशा नदीचा तुकडा भाऊजींनी हेरला. तिथून कुणी होडी नेल्याचं ऐकिवात नव्हतं. मुलांना न्यायच्या आधी बाप-लेकीने तो स्वतः उतरून बघायचा, असं ठरलं.

अडलं होतं ते पुढे कोण, यावर. अनोळखी पाण्यात पुढच्या होडीने वाट शोधायची, मागचीने तिच्यामागून यायचं. माझी भाची चोवीस वर्षांची. दोन वर्षं ती म्हणत होती, "पुढे मी जाते." भाऊजी म्हणायचे, "पुढच्या वर्षी." हे पुढचं वर्ष दोनदा येऊन गेलं.

निघताना ताई दारातच म्हणाली, "गुडघे एवढे दुखतात, तर जाऊ द्या की तिला पुढे."

"गुडघे होडीच्या आत असतात. कुणाला दिसत नाहीत."

"मलम मी चोळते. मला दिसतात."

त्यांना वरच्या पुलाशी सोडून मी खालच्या पुलावर जाऊन बसलो. एक वाजता पोचणार होते. साडेतीन वाजले. मधलं सगळं मला भाचीने नंतर सांगितलं. नदी छोटी असली तरी वळणांची भलतीच हौशी होती. प्रत्येक वळणाशी थांबायचं, होडीतून स्वतःला उपसून काढायचं, दगडांवरून चढून पुढचा उतार बघायचा, आणि तोही दोन्ही काठांवरून, कारण एका काठावरून मोठ्या दगडामागचं दिसत नाही. मग परत येऊन होडी चढवायची. असं एकोणीस वेळा झालं. बाराव्या वेळेनंतर भाऊजी उठताना दगडाला हात टेकायला लागले. सोळाव्या वेळेनंतर बोलेनासे झाले.

शेवटचा उतार माझ्या पुलावरून दिसत होता. भाऊजी उजव्या काठावर चढले, बघितलं, उतरले.

"बाबा, डावा काठ राहिला."

"उजवीकडून सगळं दिसलं. सरळ आहे."

"मग तुम्ही बसा जरा. मी बघून येते."

"बसलो तर परत उठवणार कोण? पूल समोर दिसतोय."

ती तरी गेली. वरच्या संथ पाण्यातून पलीकडे होडी नेली आणि डाव्या काठावर चढली. तिथून तिला दिसलं ते असं, की मोठ्या दगडामागे एक झाड पाण्यात आडवं पडलंय. तिने वल्हं डोक्यावर आडवं धरलं. या लोकांत त्याचा अर्थ 'थांबा'. मला वाटलं, पोरगी मामाला ओळख देतेय. मीही आनंदाने हात हलवला.

भाऊजींनी तिच्याकडे बघितलंच नाही. ते निघाले होते. दगडाशी पाण्याने त्यांना डावीकडे ओढलं आणि होडी आडवी होऊन झाडावर जाऊन चिकटली. अशा वेळी झाडापासून लांब झुकलं की होडी उलटून माणूस झाडाखाली जातो, आणि मग संपलं. भाऊजींनी त्या ओल्या खोडाला दोन्ही हातांनी कवटाळलं. ताईने बघितलं असतं तर तिला हेवा वाटला असता.

भाचीने दोर फेकला. तो तोकडा पडला. तिने घाई न करता ओढून गोळा केला, परत फेकला. दुसऱ्यांदा हाताला लागला. भाऊजी होडीतून निसटले आणि ओढत ओढत काठाला आले. त्यांची होडी झाडाखालून सुटून एकटीच पुलाशी आली, ती मी पकडली. दिवसभरात माझ्याकडून झालेलं तेवढंच काम.

मी पोचलो तेव्हा दोघं दगडावर शेजारी शेजारी बसली होती.

"आज मागे सहा पोरं असती तर," भाऊजी म्हणाले.

"दमला होतात, बाबा."

"दमलो होतो. ते तोंडाने सांगायला पाहिजे होतं, तेवढं जमलं नाही."

भाची त्यांच्या बुटातलं पाणी ओतत होती.

"पुढच्या रविवारी परत येऊ," ते म्हणाले. "आधी ते झाड कापायचं. मग पुढे तू. आणि मुलं आली की तेव्हाही तूच."

मला वाटलं, पोरगी आता उडीच मारेल. दोन वर्षांचा हट्ट होता. पण ती नुसतं "बरं" म्हणाली आणि दुसरा बूट उपडा केला.

होड्या टपावर बांधून निघालो. गाडीने वळण घेईपर्यंत भाऊजी तोंड उघडं टाकून गाढ झोपले. वाटेत पूल आला की खिडकीतून वाकून पाणी किती आहे ते बघायची त्यांची तीस वर्षांची खोड. त्या दिवशी चार पूल आले, ते हलले नाहीत. मागच्या सीटवर भाची प्रत्येक पुलाला काच खाली करत होती. तिसऱ्या पुलावर तिने मला गाडी हळू घ्यायला सांगितली, आणि आरशात पाहिलं तर तीसुद्धा दमलेली दिसली.