धोंड्याच्या महिन्यातला बंपर

माझा आवाज मोठा आहे. मूल गावातल्या आमच्या वेल्डिंगच्या दुकानात मी कुणावर खेकसलो की पलीकडच्या राइस मिलमधला हमाल हातातलं पोतं खाली ठेवतो, असं बायको म्हणते. ती वाढवून सांगते, पण फार नाही.

या आवाजानंच घात केला. लेकीच्या लग्नात नवऱ्या मुलाच्या काकांनी स्वागताची लोखंडी कमान हौसेनं स्वतः जोडून आणली होती. मी ती सगळ्यांदेखत हलवून पाहिली आणि म्हणालो, "असा टाका आमच्याकडं बकरीच्या दावणीलेबी नाई मारत." काका न जेवता गेले. तेव्हापासून जावई आमच्या घरी एक रात्र राहिला नाही. लेक-जावई अहेरीहून सकाळी यायचे, दुपारी निघायचे. माझ्यासाठी त्याच्याकडे दोनच वाक्यं होती. "बरं हाय ना मामाजी?" आणि "निघतो मामाजी." मधला वेळ तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचा. लेक एकुलती एक. ते दोन तास तिच्या आईला पुरत नव्हते. मलाही नव्हते, फक्त मी बोलून दाखवत नसे.

मग अधिक महिना आला. आमच्या लोकांत या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याचे पाय धुवायचे, अनारशांचं वाण द्यायचं, कपडे करायचे. बायकोनं माझा हात वेल्डिंग मशीनवर ठेवून शपथ घ्यायला लावली, की जावयावर आवाज चढवणार नाही. देवावर हात ठेवून घेतलेल्या शपथा मी मोडतो, हे तिला माहीत आहे.

"कपडे नको मामाजी," पाय पुसता पुसता नारायण म्हणाले. हे तिसरं वाक्य. "मी एक खोकं आणलं हाय. तेवढं जोडून द्या."

जावई गुरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. जुनी जीप घेऊन अहेरीच्या पुढच्या जंगलातल्या गावांत गुरांना टोचत फिरतो. एकदा रानडुक्कर आडवं आलं आणि जीपचा पत्र्याचा बंपर चेपला. म्हणून त्यानं इंटरनेटवरून पोलादी बंपर मागवला, तोही सुटा. खोक्यात कापलेल्या जाड प्लेटा होत्या आणि त्या घरच्या घरी जोडायच्या होत्या. सोबत चित्रांचा एक कागद होता आणि जावयाच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ होता. तीस वर्षं मी लोखंड जोडतोय, पण कागद वाचून जोडायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी दात आवळून हसलो. लेक दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे पाहत होती.

पहिल्या दिवशी नुसते टाके मारले. अशा कामात आधी ठिपक्या-ठिपक्यांनी जोडून घ्यायचं, गाडीला लावून पाहायचं आणि मगच पक्की शिवण घालायची. जावई शेजारी बसून उघड्या डोळ्यांनी वेल्डिंगच्या ज्योतीकडे टक लावून पाहत होता. दुसरा कुणी असता तर त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. मी हळूच म्हणालो, "ज्योतीकडं पाहू नका जवाईबापू." तो म्हणाला, "सवय हाय मामाजी." कशाची सवय होती देव जाणे.

तिन्हीसांजेला नारायणाचे डोळे टोमॅटो झाले. डोळ्यांत वाळू गेल्यागत तो कळवळत होता. आमच्या धंद्यातला उपाय एकच, कच्च्या बटाट्याच्या चकत्या. डोळ्यांवर दोन चकत्या ठेवून जावई आमच्या खाटेवर आडवा झाला. आता गाडी चालवणार कोण? मुक्काम करावाच लागला. बायको तोंडानं "अरेरे" म्हणत होती आणि हातानं वडा-भाताची तयारी करत होती.

"मले जोरात काऊन नाई सांगतलं?" बटाट्याखालून त्यानं विचारलं.

"जोरात सांगतलं असतं, पण तुम्ही जवाई."

तो एकटाच हसला. मग आम्ही रानडुकरावर बोललो, चेसिसवर बोललो, त्याच्या दवाखान्यातल्या लाथ मारणाऱ्या गाईवर बोललो. लेकीच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा त्याच्याशी सलग बोलत होतो आणि मला तो आवडला. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

चकत्या तीनदा बदलल्या. दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून जावई पुन्हा कामावर हजर. आता बंपर चेसिसला धरणारे दोन कान तेवढे जोडायचे राहिले होते. बंपरच्या एका अंगाला उतार होता. तो खाली यायला हवा, म्हणजे बांध चढताना बंपर जमिनीला लागत नाही, आधी चाक लागतं. हे शेंबड्या पोरालाही कळेल. जावयानं मोबाइलमध्ये पाहिलं, मान तिरकी केली आणि म्हणाला, "मामाजी, उतार वर ठेवा. पाणी निथळून जाते."

माझ्या घशापर्यंत आलं होतं. मशीन समोरच होतं, शपथ आठवली. आतून भांड्यांचा आवाज आणि मायलेकींचं हसणं ऐकू येत होतं. मी म्हणालो, "बराबर हाय जवाईबापू." आणि कान उलटे जोडले. इतकी सुंदर शिवण मी आयुष्यात चुकीच्या जागी घातली नव्हती.

तिसऱ्या दिवशी नारळ फोडून ते निघाले. आमच्या दारातल्या नालीवरून उतरतानाच बंपर खालून खर्रकन घासला.

"काऊन घासलं?" बायकोनं विचारलं.

"नवीन हाय," मी म्हणालो.

पुढचे पंधरा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. माझ्या हातचं उलटं काम अहेरीच्या रस्त्यांवर फिरत होतं, आणि त्या जीपमध्ये माझी लेक बसत होती. एखाद्या बांधात तो बंपर रुतला तर? शेवटी पिशवीत ग्राइंडर, रॉड आणि तोंडावर धरायची काळी काच घेतली आणि सकाळची बस धरली.

अहेरीला बाजाराचा दिवस होता. चहाच्या टपरीपुढं जीप उभी, तिच्याभोवती पाच-सात माणसं आणि मध्ये माझा जावई. तो सांगत होता, "आमच्या मामाजीनं मुद्दाम उतार वर ठेवला. त्यायचं डोकं हाय ते."

माझी शपथ तिथं संपली. "डोकं? अरे, उलटा लावला हाय तो, उलटा!" मी ओरडलो. कोंबड्या विकणारी बाई उठून उभी राहिली.

जावई खाली मान घालून म्हणाला, "घरी येऊन व्हिडिओ पुन्हा पाहिला, तं मले दुसऱ्याच दिवशी समजलं होतं मामाजी. पण तुम्ही बराबर हाय म्हटलं ना. तीस वर्षं लोखंडात काढलेला माणूस बराबर म्हणते, तं मले वाटलं व्हिडिओच चुकला."

मी पिशवी उचलली. त्याच्यासोबत त्याच्या घरी गेलो. लेकीला सगळं सांगितलं तर ती ओट्याला टेकून हसत सुटली. "मले त पाहता क्षणीच दिसलं होतं बाबा." दुकानातच वाढलेली पोर ती.

"मग बोलली काऊन नाई?"

"तुम्ही दोघं तीन दिवस बोलून राह्यले होते," ती म्हणाली. "बंपरचं काय, कापून लावता येते."

मी ग्राइंडरची पिशवी उगाचच उघडली आणि बंद केली.

शेजारच्या दुकानातून मशीन मागून आणलं. कान कापले, बंपर फिरवला. यावेळी जावई पुन्हा उघड्या डोळ्यांनी वाकला तेव्हा मी मनमोकळं म्हणालो, "काच धर, गाढवा." त्यानं लगेच धरली. काच एकच होती. माझं काय, मी जुना माणूस, नजर वळवून टाके मारले.

संध्याकाळी माझे डोळे टोमॅटो झाले. लेकीच्या घरी बापानं मुक्काम करू नये अशी आमच्याकडे रीत आहे. मी खाटेवर आडवा होतो आणि ती बटाटा कापत होती.

"मामाजी," जावई उशाशी बसून म्हणाला, "जोरात सांगतलं असतं, पण तुम्ही मोठे."

मी खेकसणार होतो, पण डोळ्यांवर बटाटा असला की जमत नाही. दोन दिवस राहिलो.