एक फेरी कमी झाली

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही—बहुतेक म्हणूनच.

मी बोरिवलीच्या एका हॉस्पिटलात आकड्यांचं काम करते. कॅज्युअल्टीत कोण येतं, कुठून, कशासाठी, हे कॉम्प्युटरवर मांडायचं आणि तिथली गर्दी कशी कमी होईल ते सुचवायचं. काम वाईट नाही. वाईट मी निघाले.

मांडता मांडता दिसलं, की दम लागून येणारी बरीच माणसं दहिसरच्या एकाच गल्लीतली आहेत. मी जाऊन पाहिलं. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या कपाटांना स्प्रेने रंग मारायचा कारखाना, वास थेट घराघरात. कारण नाकासमोर होतं. पण ते वर सांगा, पालिकेच्या मागे लागा—त्यात महिने गेले असते. मला पुढच्याच मीटिंगमध्ये आकडा खाली आलेला दाखवायचा होता. शाबासकी हवी होती, दुसरं काय?

म्हणून मी युक्ती काढली. जो सारखा येतो त्याच्या नावापुढे लाल खूण. खूण दिसली की काउंटरवरची मुलगी त्याला कॅज्युअल्टीचा केसपेपर देणार नाही, ओपीडीच्या बाकावर बसवणार. केसपेपर नाही म्हणजे मोजणी नाही. आधी निदान नर्सने तरी बघावं, असं मी का नाही सुचवलं? विसरले नव्हते. बघितलं असतं तर मोजावं लागलं असतं.

सुलभामावशी त्या गल्लीतल्या. मूळच्या देवगडच्या, माझ्या आईच्या गावाकडच्या, त्यामुळे माझ्याशी मालवणीतच बोलायच्या. दम्यासाठी सारख्या यायच्या, म्हणून त्यांच्याही नावापुढे खूण पडली. मीच टाकली.

त्या दुपारी त्या बाकावर बसल्या होत्या. ब्लाउज घामाने चिंब. मी जवळून जाताना त्यांनी माझा हात धरला.

"बाय, आज दम नाय गो. माका येगळाच काय तरी होता."

घरी मीही हीच भाषा बोलते. तिथे मात्र मी ऑफिसातलं मराठी काढलं. "बसा मावशी, नंबर येईल तुमचा." आणि हात सोडवून घेतला. ओला लागला म्हणून ओढणीला पुसलाही—हे लिहिताना मला माझी किळस येते.

थोड्या वेळाने त्या उठल्या. भिंतीला धरत गेटकडे निघाल्या. मी काचेतून बघत होते. हाक मारायला कितीसा वेळ लागतो? मारली नाही. तेव्हा माझ्या मनात काय आलं ते सांगते, हेच सांगायला बसलेय—चला, एक फेरी कमी झाली.

काही दिवसांनी त्यांची सून जुने कागद न्यायला आली. मावशी त्याच संध्याकाळी घरात कोसळून गेल्या होत्या. हार्टचं होतं. दुपारी त्या घरी पोचल्यावर सून त्यांना परत हॉस्पिटलात आणायला निघाली होती, तर म्हणाल्या, "नको गो, थंय माका बघून तोंडां वाकडी करतत."

सून मला हे सांगत रडत होती. मी तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. तोच हात. तिने माझे आभार मानले आणि मी ते घेतले.

मीटिंगमध्ये आकडा खाली आल्याचे पेढे वाटले. मी दोन खाल्ले. नंतर गुपचूप लाल खुणा काढून टाकल्या, कुणी विचारलंही नाही. पण तो आलेख अजून दाखवतात. मावशी गेल्या त्या महिन्यात त्याची रेघ सगळ्यात खाली आहे. सारखी येणारी बाई यायची थांबली, एवढंच त्यात दिसतं, आणि नवीन लोकांना तो समजावून मीच सांगते.

कारखाना चालू आहे. त्या गल्लीचं नाव सांगितलं तर विचारतील, तुला कधीपासून माहीत होतं? म्हणून मी ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.