काउंटीकडे राहिलेला माझा चेहरा

अमेरिकन सिटिझनशिपच्या अर्जात एक प्रश्न असतो: तुम्हाला कधी अटक झाली होती का? केस पुढे रद्द झाली असली तरी उत्तर ‘हो’ असंच द्यायचं, हे वकीलबाईंनी मला फोनवर समजावून सांगितलं. नुसतं ‘हो’ म्हणून भागत नाही. अटकेचा रिपोर्ट शहराच्या पोलिसांकडून, जेलमध्ये घेताना होते ती बुकिंगची नोंद काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरीफकडून आणि निकालाची शिक्का मारलेली प्रत कोर्टातून आणायची. पैसे घेऊन अटकेचे फोटो दाखवणाऱ्या खाजगी साइट्सच्या नादी लागू नका, असंही त्या म्हणाल्या. अटक कशासाठी, हे त्यांनी किराणा सामानाची यादी लिहून घ्यावी तसं लिहून घेतलं. मी ते घरातसुद्धा इतक्या सहज कधी बोललो नव्हतो.

घरात ते दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि बायकोला. जिच्या बाबतीत ते घडलं, ती आमची मुलगी तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. तिला त्या दिवसातला एक उंच पोलीस आठवतो. त्याच्या खांद्यावरून दिसणारं निळं आकाश आणि त्याने दिलेलं मऊ अस्वल आठवतं. ती दुकानात हरवली होती आणि पोलिसांनी तिला शोधून आईकडे आणलं, असं आम्ही तिला सांगत आलो. आधी तिचं रडं थांबावं म्हणून बायकोने ते सांगितलं, आणि मग मी त्याच्या आडोशाला राहायला गेलो. कॉलेजच्या अर्जासाठी तिने निबंधही त्यावरच लिहिला, अनोळखी माणसाच्या चांगुलपणावर. तो मी वाचला. त्यातले स्वल्पविराम नीट करून दिले. बाकी काही बोललो नाही.

खरं असं झालं होतं. आम्ही तेव्हा इथेच मिनेसोटात, ईडन प्रेरीला, एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. जूनमधला शनिवार होता. त्या दिवसांत इथे कॉटनवूडच्या झाडांचा कापूस सुटतो. हवेत इतका पांढरा कापूस तरंगत असतो की सगळं गाव झोपेत असल्यासारखं वाटतं. बायको तापाने पडली होती. मी मुलीला घेऊन शेजारच्या गावातल्या इंडियन स्टोअरमध्ये कढीपत्ता आणि आलं आणायला निघालो. पोहोचेपर्यंत ती कारसीटमध्ये गाढ झोपली होती. गाडी झाडाखाली लावली, काचा बोटभर उघड्या ठेवल्या आणि तिला न उठवता आत गेलो. नागपूरला माझे वडील मला स्कूटरवर बसवून बँकेत जात, समोरचा पानवाला लक्ष ठेवी. इथे कोणी पानवाला नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

बाहेर आलो तेव्हा कापूस तसाच उडत होता. गाडीपाशी एक म्हातारी बाई काचेला हात टेकून उभी होती, आणि मुलगी घामाने भिजलेली, लालबुंद, पोलिसाच्या कडेवर रडत होती. तिला काही झालं नव्हतं. मला फार सभ्यपणे बेड्या घातल्या. रात्रभर काउंटीच्या जेलमध्ये होतो. पुढे पालकांसाठीचा एक कोर्स केला, वर्षभर नीट राहिलो आणि केस रद्द झाली. मी सगळ्यांना, कोर्टालाही, हेच सांगितलं की दोन मिनिटांसाठी गेलो होतो.

पोलिसांचा रिपोर्ट पोस्टाने आला. बुकिंगची नोंद कुठे मिळेल ते पाहायला, घरून काम करताना, एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत शेरीफची वेबसाइट उघडली. तिथे आज जेलमध्ये कोण कोण आहे त्याची यादी असते, प्रत्येकाच्या नावापुढे फोटो. मी खाली खाली जात राहिलो. सगळ्यांच्या मागे तीच राखाडी भिंत. कोणी नुकतंच उठल्यासारखं, कोणी कुठल्याशा लांबच्या आवाजाकडे कान लावल्यासारखं. आपला चेहरा यात नसणार हे माहीत असूनही पाण्यात पडलेली वस्तू शोधावी तसा मी तो शोधत होतो. मागून बायको आली आणि फोटोंखालची वयं, उंची, वजनं वाचून म्हणाली, “लेकीसाठी स्थळं बघतोयस का रे?” आम्ही दोघंही हसलो. मग ती तिथेच खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “आता सांगून टाक तिला. कोणाकडून तरी कळण्यापेक्षा.”

रेकॉर्ड विभागाला फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं, जुन्या नोंदी वेबसाइटवर नसतात. ओळखपत्र घेऊन या, विनंती लिहून द्या, काढून देऊ.

मुलगी उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी होती. डाउनटाउनमध्ये पार्किंगचा वैताग असतो, मीच ड्राइव्ह करते, म्हणाली. वाटेत ती मला चिडवत होती. बाबा, कसलं रेकॉर्ड रे, स्पीडिंग? तू तर साठच्या वर कधी जातच नाहीस, मागचे लोक हॉर्न मारतात. मी हसण्यावारी नेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तळी येत होती आणि जात होती. हा रस्ता असाच चालू राहिला तर बरं, असं मला वाटत होतं.

शेरीफच्या ऑफिसात काउंटरवरच्या बाईंनी कागद काढले आणि विचारलं, फोटोपण हवाय का? वकीलबाईंनी फोटो मागितला नव्हता. मुलगी मागे बाकावर फोन बघत बसली होती. मी हो म्हटलं.

इतकी वर्षं माझी समजूत होती की त्या फोटोत एक घाबरलेला, उद्ध्वस्त माणूस असेल. फोटोत एक तरुण होता. केस दाट, डोळे अर्धवट मिटलेले, चेहऱ्यावर दुपारचं खाणं झाल्यानंतरची शांतता. अजून काही कळलं नसल्यासारखा तो माझ्याकडे बघत होता. त्याच्याबद्दल माया वाटली आणि लगेच त्या मायेची लाज वाटली.

पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर मी कागद आणि फोटो असलेलं पाकीट तिच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. ती फोटो धरून ऐकत राहिली. इंजिन सुरू केलं नाही.

“किती वेळ?” तिने विचारलं.

दोन मिनिटं, हे ओठावर आलंच होतं. इतकी वर्षं घोटलेलं वाक्य.

“दुकानात कोपऱ्यात वडे तळत होते,” मी म्हटलं. “मी बसून खाल्ले. चहा घेतला. आईचा ताप, तुझी रात्रभरची किरकिर, ऑफिस, यांतून सुटल्यासारखं वाटत होतं. थोडा वेळ तर तू गाडीत आहेस हे मी विसरलोच होतो.”

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

तिने फोटो परत पाकिटात सरकवला. रडली नाही. मग तिच्या त्या अर्ध्या इंग्रजी मराठीत, अगदी हळू, म्हणाली, “बाबा, तो पोलीस मला अजूनही आवडतो. बट आता मला म्हणावं लागणार, की त्याने मला तुझ्यापासून सेव्ह केलं.”

मी हो म्हटलं.

कोर्टात जायचं राहिलं होतं. तिने मला तिथे नेलं, माझ्याबरोबर रांगेत उभी राहिली, खिडकीतल्या माणसाला केस नंबर तिनेच वाचून दाखवला. परतताना मी तिला फक्त वळणं आणि एक्झिट सांगत राहिलो. संध्याकाळी ती आईला घेऊन घरामागच्या लाकडी डेकवर बसली. स्वयंपाकघरात मला त्यांचे आवाज ऐकू येत होते, शब्द नाही. वड्यांचं आता बायकोलाही कळत असणार. मी बाहेर गेलो नाही. भात कुकरला लावला, कोशिंबिरीसाठी काकड्या चिरल्या, आणि त्या आवाजांत माझं कुठे काय होतंय याचा अंदाज घेणं हळूहळू सोडून दिलं. बाहेर उजेड रेंगाळत होता, इथल्या जूनमध्ये रेंगाळतो तसा.

जेवायला बसल्यावर बायकोने फक्त मुलीला आणि स्वतःला वाढलं. मुलीने ताटातल्या भाताचं आळं केलं, त्यात वरण ओतलं आणि मान वर न करता म्हणाली, “उद्या मला त्या दुकानात घेऊन जा.”

“ते दुकान कधीच बंद झालं,” मी म्हटलं. “आता तिथे टायरवाला आहे.”

“पार्किंग लॉट असेल ना?”

असेल, मी म्हटलं, आणि गाडी नेमकी कुठे लावली होती ते आठवायला लागलो.