कोंबडी आणि बदक

आमची सून हाँगकाँगची. लग्नानंतर ती पहिल्यांदाच लातूरला येणार, म्हणून मी फोनवर मुलाकडून तिच्या बोलीतला एक वाक्प्रचार शिकून घेतला: गै थुंग आप गोंग. म्हणजे कोंबडी बदकाशी बोलते. दोघं बोलतात, पण एकाचं दुसऱ्याला काही कळत नाही, तेव्हा तिकडं असं म्हणतात.

मोका चौथ्या दिवशी मिळाला. त्या सकाळी माझं आणि मुलाचं वाजलं होतं. तो म्हणे, तुम्ही दोघं आमच्याकडं चला. मी म्हणे, तूच इकडं ये. आवाज चढले, मग दोघांनी तोंडं फिरवली.

घुश्शातच स्वयंपाकघरात डोकावलो. बायको सुनेला भाकरी शिकवत होती. ती मराठीत, सून तिच्या बोलीत. दोघींची अखंड टकळी चालू. "अगं, कडंला लई जाड हाय," बायको म्हणाली, आणि सुनेनं बरोबर कडंवरून हात फिरवला.

मी ऐटीत म्हटलं, "गै थुंग आप गोंग!"

सून खळखळून हसली. मग सावकाश इंग्रजीत म्हणाली, "नाही बाबा, आम्हाला कळतंय." आणि पीठ लागलेलं बोट तिनं आधी माझ्याकडं, मग बाहेरच्या खोलीकडं दाखवलं. तिथं मुलगा मोबाइलमध्ये मान घालून बसला होता.

मला राग यायला हवा होता. मी जाऊन त्याच्या शेजारी बसलो.

"सकाळी काय म्हणत होतास," मी विचारलं, "परत सांग बरं."