ताऱ्याभोवतीचा धूर

माझ्या धाकट्या दिरांना सगळे मास्तर म्हणतात, पण शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलेलं नाही. आयुष्यभर त्यांनी टीव्ही दुरुस्त केले. हाताखाली शिकणारी मुलं मास्तर म्हणू लागली, मग गिऱ्हाइकं, आणि शेवटी बायकोसुद्धा, अर्थात रागावली की. मी भाऊजीच म्हणते.

पुढे दुरुस्तीचं काम संपलं, कारण टीव्ही बिघडला की लोक नवाच आणू लागले. पण भाऊजींची नजर रिकामी बसली नाही. त्यांच्याकडे शिकलेल्या एकाचं बाजाराच्या रस्त्यावर कॉम्प्युटरचं दुकान आहे. नवा मॉनिटर आला की तो आधी भाऊजींकडे पाठवतो. ते तो मन भरेपर्यंत बघतात आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर चार ओळी लिहून देतात. दुकानात तो पुठ्ठा मॉनिटरच्या कोपऱ्याला अडकवलेला असतो. गिऱ्हाईक किंमत नंतर विचारतं, पुठ्ठा आधी वाचतं.

ही पाहणी माझ्या खोलीत चालते. त्यांचं बिऱ्हाड वरच्या मजल्यावर, माझं खाली. पण माझ्याकडे जाड पडदे आहेत आणि माझ्या यजमानांचं रुंद टेबल अजून जागच्या जागी आहे. "वहिनी, थोडा अंधार उसना हवाय," असं म्हणत ते खोकं पोटाशी धरून आत येतात. मी विणकाम घेऊन मागे बसते. साधं विणायला डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात.

आधी सगळी स्क्रीन एकेका रंगाची करून मेलेला, म्हणजे न उजळणारा, ठिपका शोधायचा. मग स्क्रीनच्या पांढऱ्याशेजारी कोरा कागद धरून रंग जुळतो का बघायचं. मग खेळ. मॉनिटर खेळणाऱ्यांसाठी म्हणून खेळ लावतात खरे, पण भाऊजी तो खेळत नाहीत. बाकीचे लोक ज्या गुहेतून जीव मुठीत धरून पळतात, तिथे ते आपल्या शिपायाला एका कोपऱ्यात नेतात आणि भिंतीकडे तोंड करून उभं करतात.

"अहो, मागून गोळ्या घालतोय ना तो!" जाऊबाई चहा घेऊन आल्या की ओरडतात.

"घालू दे. या काळोखात विटेची कड दिसते का ते बघायचंय मला."

शिपाई मरतो, उठतो, पुन्हा कोपऱ्यात जातो.

एकदा जाऊबाई म्हणाल्या, "त्या भिंतीकडे बघता तेवढं कधी माझ्याकडे बघितलंत, तर माझा चष्मा बदललाय हे कळेल तुम्हाला."

"तुझ्यात दोष काढायचा नसतो, म्हणून बघत नाही."

जाऊबाई रिकाम्या कपबशा उचलून गेल्या. दाराशी हसल्या, ते फक्त मला दिसलं.

सगळ्यात जास्त वेळ जातो काळ्या रंगावर. काळी स्क्रीन आणि तिच्यावर एकच पांढरा ठिपका. हलक्या मॉनिटरमध्ये ठिपक्याभोवती धुरकट वलय दिसतं, कारण मागच्या दिव्याचा उजेड आजूबाजूला सांडतो. पण वलयाची तक्रार घेऊन कोणी आलं, तर भाऊजी लगेच विश्वास ठेवत नाहीत. एक डोळा मिटायला लावतात आणि ठिपका झाकेल असा अंगठा पुढे धरायला सांगतात. ठिपका झाकूनही वलय उरलं, तर दोष मॉनिटरचा. ठिपक्याबरोबर वलयही गेलं, तर दोष डोळ्याचा. "मॉनिटर घरी न्या आणि डोळे डॉक्टरकडे," असं सांगून त्यांनी कितीतरी जणांना पाठवलं आहे. त्यांत मीही होते. माझे मोतीबिंदू त्यांनीच असे पकडले. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, उजव्याचं व्हायचं आहे.

या खेपेला आलेला मॉनिटर मोठा होता, किंचित आत वळलेला. दुकानदार दुकानाच्या माडीवर मुलांना खेळायला खोली थाटत होता आणि तिथे सगळे हेच लावायचे होते. खोकी येऊन पडली होती, मास्तरांच्या शब्दाची वाट होती. कंपनीचं म्हणणं असं, की यात मागे दिवाच नाही, प्रत्येक ठिपका आपला आपण उजळतो, त्यामुळे काळा म्हणजे निव्वळ काळा.

भाऊजींना पहिल्या दिवसापासून तो पटला नाही. "पाय बघा कसे पसरलेत. कीबोर्ड ठेवायचा कुठे, मांडीवर? आणि पाठीला ही रंगीत रोषणाई कशासाठी? भिंतीची करमणूक?" चौथ्या दिवशी त्यांनी पुठ्ठ्यावर लिहिलं: काळा गढूळ. ताऱ्याभोवती धूर. घेऊ नये.

दुकानदार स्वतः आला. स्क्रीनवर खेळातलं रात्रीचं आकाश होतं. त्याने वाकून बघितलं, मागे सरून बघितलं.

"मास्तर, मला नाही दिसत धूर."

"दिसला असता तर मला कशाला विचारलं असतंस?"

"तेही खरंच." तो कसनुसा हसला. "उद्या सकाळी टेम्पो बोलावतो. सगळा माल परत." बाहेर पडताना मला म्हणाला, "काकू, खरंच काही दिसलं नाही हो. पण मास्तरांना दिसतंय म्हणजे असणारच."

तो गेल्यावर भाऊजी टेबलाखाली वाकून केबल गुंडाळू लागले. मी त्यांच्या खुर्चीत बसले. ताऱ्याभोवती धूर होता, अगदी त्यांनी लिहिला होता तसा. मग मी डावा डोळा मिटला. धूर दाटला. डावा उघडून उजवा मिटला, तर तारा टाचणीच्या टोकासारखा स्वच्छ, आणि भोवती काळं, विहिरीत डोकावल्यासारखं. मी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. दरवेळी तेच.

विणकाम मांडीवरच राहिलं. गप्प राहिले असते तर कोणाला काही कळलं नसतं. माल परत गेला असता, मास्तरांचा शब्द राहिला असता. पण तो शब्द ऐकून एक शहाणा माणूस आपल्या चांगल्या डोळ्यांवर अविश्वास दाखवून गेला होता. आणि भाऊजींचं काय? या माणसाकडून बघणं काढून घेतलं तर मागे काय उरतं, हे मला नीट समजेना. तरीही पुठ्ठा खोटा होता, आणि खोटं लिहिणारा हा माणूस नव्हे.

"भाऊजी, मला डाव्या डोळ्याने धूर दिसत नाही. उजव्याने दिसतो."

टेबलाखाली केबल थांबली. ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. माझ्याकडे बघितलं नाही. खुर्ची मी रिकामी केली होती, पण ते बसले नाहीत. उभ्यानेच एक डोळा मिटला आणि अंगठा पुढे धरला. काढला. पुन्हा धरला. मग दुसरा डोळा.

"जातोय," ते म्हणाले.



"दोन्हींनी जातोय, वहिनी. सगळ्या गावाला अंगठा दाखवत फिरलो आणि स्वतः..." अंगठा खाली घेतला आणि म्हणाले, "पडदा उघडा जरा."

जाऊबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, दुकानात फोन करून टाका. भाऊजी चपला शोधत होते. "फोनवर सांगायची गोष्ट आहे का ही? वहिनी, तुमचा डावा डोळा घेऊन चला बरोबर."

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. भाऊजींनी ती जाण्याची वाट पाहिली नाही. पुठ्ठा काउंटरवर ठेवला आणि सरळ म्हणाले, "हे चुकलंय. धूर माझ्या डोळ्यात आहे. टेम्पो नको."

दुकानदाराने पुठ्ठ्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"मग मास्तर," तो चाचरला, "मध्ये ते दोन मॉनिटर आपण नाकारले, ते?"

"तेही पुन्हा बघायला हवेत. तू बघ."

"मी? मला कुठे दिसतं तुमच्यासारखं?"

"अरे, तुला दिसलं नाही ते बरोबरच दिसलं नाही. मीच नाही ऐकलं."

त्याने खाली मान घालून काउंटरवरची धूळ पुसली. तिथे धूळ नव्हती. मग म्हणाला, "म्हणजे मॉनिटरमध्ये दोष काहीच नाही म्हणायचा?"

"नाही कसा? पाय!" भाऊजींचा आवाज परत आला. "त्याला डोळे लागत नाहीत, माझं कोपर सोलवटलंय. आण इकडे पेन." पुठ्ठा उलटून त्यांनी मागे लिहिलं: काळा खरा काळा, असं चांगल्या डोळ्यांचे लोक सांगतात. पाय टेबल खातात. दुकानदाराने तो तसाच अडकवला.

परतताना दिवे लागायची वेळ झाली होती. भाऊजी मध्येच थांबून दिव्याच्या खांबाकडे अंगठा धरत, मग औषधाच्या दुकानाच्या पाटीकडे, मग समोरून येणाऱ्या रिक्षाकडे. रिक्षावाल्याला वाटलं हात केला. तो थांबला आणि आम्ही बसत नाही हे बघून कुरकुरत गेला.

"ऑपरेशननंतर रंग वेगळे दिसतात का हो?" त्यांनी विचारलं.

"निळा फार निळा दिसतो. सुरुवातीचे काही दिवस. मग सवय होते."

घराचं फाटक उघडताना ते म्हणाले, "दुकानात उद्या सांगून ठेवतो. एक मॉनिटर माझ्यासाठी लावून ठेव म्हणावं. ऑपरेशन झालं की, निळ्याची सवय व्हायच्या आत बघायला हवा."