आत्याच्या दारातली प्रस्तावना

जगात जेवढी म्हणून भांडणं होतात, ती सगळी लोकांना प्रस्तावना करता येत नाही म्हणून होतात, असं छातीठोकपणे सांगणारी एकच बाई या भूतलावर आहे. ती मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते आणि माझी सख्खी आत्या आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर बायका भजनी मंडळात जातात, काश्मीरला जातात, गुडघे बदलून घेतात. आत्याने क्लास काढला. तोही कसला, तर नववी-दहावीच्या पोरांना वैचारिक निबंधाची फक्त प्रस्तावना शिकवण्याचा. मधल्या भागाचं काय, असं एका आईने भीतभीत विचारलं, तर म्हणाली, "तो कोणीही लिहील." आणि शेवट? "सुरुवात जमली की शेवट आपल्या पायांनी चालत येतो. त्याला आणायला रिक्षा पाठवावी लागत नाही."

या क्लासला फळा नव्हता. सेफ्टी डोअर होतं. आतलं लाकडी दार सताड उघडं ठेवून आत्या जाळीच्या दाराआड स्टुलावर बसायची, हात कडीवर. मुलाने बाहेर उभं राहून आपली प्रस्तावना म्हणायची. पुढचं ऐकावंसं वाटलं तर कडी निघायची, नाहीतर बस जिन्यात आणि कर विचार. "वाचणारा असाच कडी लावून बसलेला असतो रे. ती त्याने तुझ्यासाठी का काढावी?" हा तिचा सवाल. आणि एखाद्या अभाग्याने 'आजच्या धावपळीच्या युगात' अशी सुरुवात केली, की लाकडी दारच धाडकन त्याच्या तोंडावर बंद. आतून आवाज यायचा, "कोणाची धावपळ? तू तर सुट्टीत दुपारी उठतोस!" त्यामुळे आमच्या आत्याच्या जिन्यात कधीही जा, पायरीपायरीवर एकेक पोर मोबाइल शाप की वरदान ते पुटपुटत बसलेलं असे.

तिचा एकच नियम होता, पण तो देवाच्या आज्ञेसारखा. आधी समोरच्याची बाजू मांडायची, आणि अशी मांडायची की त्यालाच वाटलं पाहिजे, च्यायला, हे मला का नाही सुचलं! मग थांबायचं, श्वास घ्यायचा, वाचणाऱ्यालाही घेऊ द्यायचा. आणि मग 'तरीही' म्हणून आपलं म्हणणं. हा नियम पोरांपुरता असता तर कोणाची काही हरकत नव्हती. एकदा दिवाळीत मी डबा घेऊन गेलो. म्हटलं, "आत्या, उघड ना, लाडू आणलेत." जाळीतून उत्तर आलं, "हा मुद्दा झाला. प्रस्तावना?" आता काय करणार! म्हटलं, "काही लोकांच्या मते तुला गोड वर्ज्य आहे, आणि त्या लोकांत तुझे डॉक्टरही आहेत. तरीही..." लगेच कडी निघाली. गॅसवाला मात्र तिला पुरून उरला. तीन मजले चढून आलेला तो बिचारा नुसतं ओरडला, "बाई, सिलिंडर खांद्यावर आहे!" आत्या धन्य झाली. पहिलं वाक्य कसं असावं याचं उदाहरण म्हणून पुढे कित्येक दिवस ती पोरांना तेच ऐकवत होती.

मग व्हायचं तेच झालं. जिन्यातल्या गर्दीची तक्रार गेली आणि सोसायटीच्या सभेत क्लास बंद करण्याचा विषय आला. आत्याचा फोन आला तेव्हा आवाज नेहमीसारखा नव्हता. "क्लास गेला तर मी दिवसभर काय भिंतींशी वाद घालू का रे?" म्हणाली. मी कळकळीने सांगितलं, "आत्या, या वेळी तरी सरळ तुझंच म्हणणं मांड. त्यांचं नको." "गप बस. शिकवायचं एक आणि करायचं एक, असं मला जमत नाही."

खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सभा भरली. मीही मागे जाऊन उभा राहिलो. आत्या उभी राहिली आणि काय बोलली म्हणता! "पहिल्या मजल्यावरच्या आजींना पोरांच्या गुडघ्यांमधून काठी टेकत वाट काढावी लागते. दुपारी जरा डोळा लागतो, तोच माझं दार आपटतं. जन्मभर खपून घेतलेल्या घरात माणसाला तासभर झोपही मिळू नये?" आजींनी डोळ्यांना पदर लावला. तक्रार करणारे सेक्रेटरी तोंड उघडं टाकून ऐकत होते. त्यांची तक्रार इतकी सुंदर आहे हे त्यांनाही माहीत नसावं. टाळ्या पडल्या. आणि आत्या नियमाप्रमाणे थांबली. श्वास घेतला.

तेवढ्यात सेक्रेटरी उठले. "मॅडम स्वतःच म्हणतायत, मग विषयच संपला! क्लास बंद करायच्या बाजूने हात वर करा." भराभर हात वर. "अहो थांबा, तरीही...!" आत्या ओरडत होती, पण तोवर वडे आले होते आणि वड्यांपुढे 'तरीही' कोण ऐकतो? वाट लागली. मी तिच्याबरोबर जिना चढू लागलो. दुसऱ्या मजल्यावर थांबून म्हणाली, "प्रस्तावना मात्र झकास झाली ना रे?"

पोरं आता दुसऱ्या क्लासला जातात. तिथे छापील निबंध मिळतात. पहिली ओळ कोणती ते सांगत नाही, आत्या वाचेल. मागच्या रविवारी मी तिच्याकडे गेलो, बेल वाजवली, तर तिने दार सरळ उघडलंच. "ये," म्हणाली. विचारलं नाही, अडवलं नाही. गॅसवालाही हल्ली थेट स्वयंपाकघरात जातो म्हणे. मला ते बघवेना. मी तसाच उलट्या पावली बाहेर आलो, जाळीचं दार ओढून घेतलं आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "आजच्या धावपळीच्या युगात..."

लाकडी दार असं आपटलं की खालच्या मजल्यावर कोणीतरी झोपेतून दचकून उठलं असेल. आतून गर्जना झाली, "कोणाची धावपळ? पुन्हा!"

मी घसा साफ केला. "काही लोकांचं म्हणणं आहे की हा क्लास बंद झालाय. त्यांचंही बरोबर आहे, त्यांना झोप हवी..." आणि नियमाप्रमाणे थांबलो. दार हळूच किलकिलं झालं. जाळीपलीकडून आत्याचा आवाज आला, "घे, घे श्वास. इथे कोणी हात वर करणार नाही."