शाळिग्रामातल्या रेघा

नऊ वर्षं गप्प बसलो. आता सांगून टाकतो.

बाबांचं बायपास होतं, ठाण्याला. डोंबिवलीच्या घरी देवपूजा चुकायला नको म्हणून मी गेलेलो. आमच्या देवांत आजोबांनी नेपाळहून आणलेला शाळिग्राम आहे. काळा, लिंबाएवढा, एका बाजूला छोटं तोंड. बाबा त्याला अंघोळ घालताना तोंडात करंगळी फिरवायचे. आतल्या रेघा लागल्या की म्हणायचे, "हां, महाराज जागेवर आहेत."

मी घाईत होतो. ओला दगड निसटला, ओट्याच्या कडेवर आपटला आणि दोन तुकडे झाले. आत शंखासारखं वेटोळं होतं.

भंगलेला देव पूजेत ठेवत नाहीत, एवढंच मला ठाऊक. त्यात बाबा त्याच वेळी ऑपरेशनच्या टेबलावर. मी घाबरलो. तुकडे रुमालात बांधून कोलशेतला माझ्या घरी कपाटात टाकले आणि बाजारातून तसाच दिसणारा दुसरा आणला. त्यालाही तोंड होतं, पण आतून गुळगुळीत.

बाबा घरी आल्यावर पहिल्याच पूजेत त्यांची करंगळी नुसतीच फिरत राहिली. "बोटं मेली रे माझी ऑपरेशनमध्ये. काही लागतच नाही."

तिथे बोलायला हवं होतं. नाही बोललो. बाबा भजनाला पेटी वाजवायचे, ते सोडलं. पेटी माळ्यावर गेली. बटण लावायलासुद्धा दुसऱ्याला हाक मारू लागले.

त्या तुकड्यांबद्दल मी गुपचूप वाचत गेलो. तो ॲमोनाइट निघाला. हिमालय उठायच्या आधी तिथे समुद्र होता, त्यात हा पोहायचा. कोळणी ते मऊ, सोंडांचं माकुल विकतात ना, त्याचा लांबचा भाऊबंद. शंखाच्या शेवटच्या खोलीत राहायचा. अंग वाढलं की पुढे सरकून मागची खोली बंद करायचा. शंखावरच्या वळ्यांचा दगडात उमटलेला ठसा, म्हणजे बाबांच्या त्या रेघा.

गेल्या महिन्यात बाबा म्हणाले, "देव आता तू ने. मी कुणाला अंघोळ घालतोय, हाताला कळत नाही."

पुढच्या रविवारी रुमाल घेऊन गेलो. सगळं सांगितलं.

बाबांनी रुमालाची गाठ सोडली. मग तोंडाकडचा तुकडा उचलून त्यात करंगळी घातली.

"आहेत की रे!" पुन्हा फिरवली. "म्हणजे बोटं ठीक होती माझी. नऊ वर्षं, गाढवा!"

"हो, बाबा."

"आणि शाळिग्राम भंगला तरी पूजेत चालतो. एवढं कुणाला विचारता आलं नाही?"

विचारायचं म्हणजे सांगावं लागलं असतं. मी मान खाली घालून माकुलाचंही सांगून टाकलं.

"माकुल? आणि तुझे आजोबा शेजारी मासे तळले की खिडकी लावून घ्यायचे!" बाबा हसायला लागले.

राग गेलाय असं नाही. अजून मधूनच 'नऊ वर्षं' म्हणतात. पण त्या दिवशी दोन्ही तुकडे ताम्हनात ठेवले आणि बाजारातलाही शेजारी ठेवला. "याने काय पाप केलंय? निमूट अंघोळ करतोय बिचारा."

मग हात पुसत म्हणाले, "खुर्ची घे. पेटी काढ माळ्यावरून."

भाता उसवलाय. पेटी ठाण्यात खोपटला दुरुस्तीला टाकलीय, शनिवारी मिळेल. तोवर बाबा जेवणाच्या टेबलावर बोटं चालवून बघतात.